गेन जरा कमी कर

हार्ड रॉकच्या नादाला नुकत्याच लागलेल्या पोराला ट्यूबचा अँप आणि एक बंद खोली द्या, आणि थोड्या वेळाने जाऊन नॉब बघा. आवाज किती फाटायचा ते ठरवणारा गेन पार उजवीकडे टेकलेला असतो, बेस आठच्या पुढे, ट्रेबलही त्याच्या जोडीला, आणि मिडचा नॉब बिचारा एक-दीडवर. खोलीत ऐकायला हा आवाज भारदस्त वाटतो. एक तार छेडली तरी छातीत काहीतरी हलतं, सूर संपायचं नाव घेत नाही, आणि बोट कुठे घसरलं तेही झाकून जातं. मग ड्रमर येतो, बासिस्ट येतो, काठ्यांवर चार काउंट पडतात आणि गिटार गायब होते. उरतो तो नुसता गढूळ घुमारा. रिफ कुठे सुरू झाला, कुठे तुटला, काही कळत नाही. पोरगा मग करू नये तेच करतो. व्हॉल्यूम वाढवतो.

पुण्यातल्या जॅमरूममध्ये हे नाटक मी अनेक वर्षं पाहत आलो आहे. आमचा बासिस्ट मितभाषी माणूस. रिहर्सलमध्ये त्याचं एकच वाक्य ठरलेलं: “अरे, गेन जरा कमी कर ना.” समोर गिटारवाला कोण आहे, कुठला अँप आहे, गाणं कुठलं आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, आणि तरी बहुतेक वेळा तो बरोबर असतो. टाइट टोनवर, म्हणजे प्रत्येक ठोका सुटा आणि स्पष्ट ऐकू येईल अशा आवाजावर, हवी तितकी चर्चा ऐकायला मिळते. पेडल, पिकअप, ट्यूब, स्पीकर यांची नावं स्तोत्रासारखी म्हणणारेही भेटतात. पण मला विचाराल तर या सगळ्या विद्येचं सार काय काढायचं आणि कुठे काढायचं एवढ्यात आहे. घालण्याचा भाग फार थोडा.

एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ घ्या. १९८० साली बहामाजमधल्या नसाऊला, कंपास पॉइंट स्टुडिओत रेकॉर्ड झालेला अल्बम. शीर्षकगीताचा रिफ जगभरच्या पोरांनी वाजवलेला आहे, आणि बहुतेकांनी मूळच्यापेक्षा दुप्पट गेन लावून वाजवलेला आहे. मूळ रेकॉर्डिंग चांगल्या हेडफोनवर ऐका. मॅल्कम यंगची रिदम गिटार जेमतेम फाटते. कॉर्डवर पिक पडल्याचा टणत्कार ऐकू येतो, कॉर्डमधल्या तारा सुट्या मोजता येतात, आणि दोन कॉर्डांच्या मधली जागा स्वच्छ रिकामी असते. त्या रिफचा दरारा या रिकाम्या जागेत आहे. आवाज जिथे थांबायला हवा तिथे थांबतो.

मॅल्कमची गिटार म्हणजे १९६३ची ग्रेच जेट फायरबर्ड. तिच्यातले बाकीचे पिकअप त्याने काढून टाकले आणि ब्रिजजवळचा एकच ठेवला. तारा जाडजूड, हात भक्कम, अँप मार्शलचा. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा त्याच्या मागे सोलोची परंपरा नव्हती, कारण सोलो त्याने धाकट्या भावाकडे, अँगसकडे सोपवलेले होते. त्याने मागे ठेवला तो शिस्तीचा एक नमुना. हार्ड रॉकमध्ये शिस्त हा शब्द ऐकून कोणी हसेल, हसू दे.

मार्शलचा हा आवाज जिथून निघाला ती जागाही रॉकच्या मानाने अगदीच साधी. पश्चिम लंडनच्या हॅनवेल भागात अक्सब्रिज रोडवर जिम मार्शल या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. ड्रम शिकवता शिकवता तो दुकानदार झाला. दुकानात येणारी गिटारवाली पोरं तक्रार करायची की अमेरिकेतून येणारे फेंडरचे अँप परवडत नाहीत, आणि इथले मिळतात ते मिळमिळीत वाजतात. मग त्याने दुरुस्तीचं काम बघणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा तरुण यांना कामाला लावलं, आणि १९६२च्या सुमारास पहिला मार्शल तयार झाला. जेटीएम ४५ हे त्याचं नाव. त्याचं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं फेंडर बासमनवरून उचललेलं होतं.

आता बासमन म्हणजे काय, तर बास गिटारसाठी बनवलेला अँप. अख्ख्या हार्ड रॉकचा मूळपुरुष बासचा अँप निघावा ही मोठी गंमत आहे, आणि टाइट टोनच्या कटकटीचं मूळही मला इथेच दिसतं. बासच्या तारेला खालचा भरणा लागतो, म्हणून तो सर्किटमध्ये मुक्तहस्ते ठेवलेला होता. गिटार स्वच्छ वाजवायची तोवर हा भरणा गोडच लागला. पोरांनी अँप फाटेस्तोवर चढवायला सुरुवात केली, तसा तोच भरणा गळ्याशी येऊ लागला. पुढच्या वीसेक वर्षांत मार्शलच्या सर्किटमध्ये जे बारीकसारीक बदल झाले, त्यांतले बरेचसे त्या बासच्या अँपमधून बास काढण्याचे आहेत. १९६०चं दशक संपता संपता मार्शलच्या सुपर लीड या मॉडेलच्या ब्राइट चॅनेलमध्ये पहिल्या ट्यूबच्या कॅथोडला ०.६८ मायक्रोफॅरडचा चिमुकला कपॅसिटर बसला. शेजारच्या नॉर्मल चॅनेलमध्ये त्याच जागी २५० किंवा ३३० मायक्रोफॅरडचा असायचा. कपॅसिटर एवढा लहान झाला की खालच्या सुरांना वरच्यांइतकी वाढ मिळत नाही. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, पण आज आपण ज्याला मार्शलचा आवाज म्हणतो तो बराचसा अशा कात्रीकामातून झालेला आहे. १९७५ मध्ये मास्टर व्हॉल्यूमचं मॉडेल आलं आणि १९८१ मध्ये तोच वंश जेसीएम ८०० या नावाने प्रसिद्धीला आला. हे नाव, जाता जाता सांगायचं तर, जिम मार्शलच्या मोटारीच्या नंबरप्लेटवरून घेतलेलं.

खालचे सूर एवढा घोळ का घालतात? गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला ८२ वेळा थरथरते, आणि पिकअपमधून येणाऱ्या लहरींत या खालच्या सुरांचा आकार बहुधा सर्वांत मोठा असतो. ट्यूबची सहन करण्याची एक हद्द असते. त्या हद्दीला आधी पोचतो तो हा मोठा आकार. एसटीच्या दारात ज्वारीचं पोतं घेऊन आधी घुसलेल्या माणसासारखं हे आहे: तो आत शिरेपर्यंत मागचे हडकुळे प्रवासी पायरीवरच लटकतात. बेसने ट्यूब भरली की वरच्या सुरांचा टोकदारपणा, पिकचा आघात, बोटांची हालचाल, सगळं त्याच्या मागे दबून जातं. आणि गोष्ट इथेच संपत नाही. ट्यूबच्या ग्रिडवर, म्हणजे लहर आत शिरते त्या जाळीवर, प्रमाणाबाहेर मोठी लहर आली की ग्रिड स्वतःच करंट ओढायला लागते, तिच्या आधीचा कपॅसिटर नको तितका भरतो, आणि तो उतरेपर्यंत ट्यूब अर्धवट मिटून राहते. तेवढ्या वेळात वाजवलेला सूर फसकन येतो. तळव्याने तारा दाबून भरभर पाम म्यूट मारताना पहिला ठोका दणदणीत आणि पुढचे दोन ओल्या फटाक्यासारखे का निघतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. सराव कमी पडतोय असं समजून पोरं मनगट दुखवून घेतात.

म्हणून बेस किती कमी करायचा, यापेक्षा तो डिस्टॉर्शनच्या आधी कमी होतो की नंतर, हे मला मोलाचं वाटतं. मार्शलच्या पुढच्या पॅनेलवरचे बेस, मिड आणि ट्रेबल हे तिन्ही नॉब सर्किटमध्ये प्रीअँपच्या ट्यूबांच्या नंतर येतात. गढूळपणा आधीच होऊन बसलेला असतो. बेसचा नॉब फिरवून तो थोडा पातळ करता येतो, निवळत नाही. कॅलिफोर्नियाच्या रँडल स्मिथने मेसा बूगीच्या मार्क मालिकेत हाच क्रम उलटा केला. तिथे टोनचे नॉब गेनच्या आधी आहेत, आणि डिस्टॉर्शन होऊन गेल्यावर पाच पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर लागतो. त्यामुळे त्या अँपवर जाणते लोक बेस एक-दोनवर, कधी शून्यावरच ठेवतात आणि हवा तेवढा भरणा नंतर इक्वलायझरवर देतात. मेटॅलिकाच्या १९८६च्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’मध्ये त्या मालिकेतला मार्क टू सी प्लस वापरलेला आहे. तो आवाज जाड आहे, पण त्याची कड एखाद्या नव्या वस्तऱ्याची आहे. दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात त्या या क्रमामुळे.

मार्शलवाल्यांनी यावर शोधलेला उपाय आणखी गमतीचा. १९७० च्या दशकाच्या शेवटी जपानमध्ये आयबानेझच्या नावाने ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं पेडल निघालं. काम काय, तर आवाज फाडायचं. लोकांनी काय केलं? त्याचा ड्राइव्हचा नॉब शून्यावर आणला, लेव्हलचा नॉब पुढे ढकलला आणि आधीच फाटत असलेल्या अँपच्या पुढे ते जोडून दिलं. ज्यासाठी पेडल विकत घेतलं ते काम त्याला करूच द्यायचं नाही! कारण असं की त्या पेडलचं सर्किट साधारण ७२० हर्ट्झच्या खालच्या सुरांना हळूहळू कमी जोर देतं आणि मधल्या पट्टीला पुढे काढतं. म्हणजे अँपच्या तोंडाशी बसलेली ही चाळणीच झाली. आजचे कितीतरी हार्ड रॉक आणि मेटल वाजवणारे याच रीतीने टाइट होतात, आणि माझ्या मते पैशाच्या हिशेबात यासारखा फायद्याचा सौदा दुसरा नाही.

गेन कमी ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते थेट स्वरशास्त्रातलं आहे. दोन सूर एकत्र फाडले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे सूर आपोआप जन्मतात. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम. खालची तार ८२ हर्ट्झवर, पंचम साधारण १२३ वर. वजाबाकी ४१, म्हणजे बरोबर त्या षड्जाचाच खालच्या सप्तकातला भाऊ. फुकटात मिळालेला हा खर्ज सुरेल असतो, म्हणून पॉवर कॉर्ड कितीही फाडला तरी ऐटीत उभा राहतो. तंबोऱ्याच्या जोडीला बसून सा-पची सवय झालेल्या कानाला यात नवल वाटायला नको. आता त्यात गंधार घाला. पाश्चात्त्य समविभागी पद्धतीत गिटारचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधाराहून सुमारे १४ सेंट चढा असतो. साध्या वाजवण्यात कान ते चालवून घेतो, पण गेन वाढवला की त्यातून जन्मणारे वजाबाकीचे सूर बेसूर निघतात आणि एकमेकांशी भांडतात. कॉर्ड कडवट होतो. मॅल्कम यंग मोकळ्या तारांचे अख्खे कॉर्ड वाजवायचा, गंधारासकट. त्या कॉर्डांना भरपूर गेन सोसलाच नसता. त्याचा कमी गेन हे त्याच्या कॉर्डांनी घातलेलं बंधन होतं.

मिडचा नॉब हा माझ्या रागाचा खास विषय आहे. घरी कमी आवाजात वाजवणारा माणूस मिड खाली आणतो आणि बेस-ट्रेबल वर करतो, कारण तसं छान लागतं. यात त्याचा दोष नाही. माणसाच्या कानाची घडणच तशी आहे. बेल लॅबोरेटरीजच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की आवाज लहान असला की कानाला खालचे सूर फारच कमी ऐकू येतात, आणि आवाज वाढत जातो तशी ही तफावत कमी होते. म्हणजे शनिवारी रात्री फ्लॅटमध्ये, शेजारच्या काकूंच्या धाकाने, हळू आवाजात लावलेला टोन रविवारी स्टेजवर तसाच नेला की तिथे बेसचा पूर येतो. त्यात मिड नसतो, आणि गिटार बँडमध्ये ऐकू येते ती मिडमुळे. खाली किक ड्रम आणि बास बसलेले, वर सिंबल झणझणताहेत. गिटारसाठी राहिलेली जागा मधलीच, आणि तीच आपण आपल्या हाताने सोडून द्यायची? एवढं करून जो बेस आपण प्रेमाने घातलेला असतो, तो साउंडवाला आपल्या बोर्डवर ८०-१०० हर्ट्झच्या खाली कापूनच टाकतो. तो सांगत नाही, एवढंच.

टाइटपणात पॉवर अँपचाही हात असतो, त्याचं थोडक्यात. जुन्या जेटीएम ४५ मध्ये वीज एकदिशा करायला जीझेड ३४ ही ट्यूब होती. जोराचा ठोका पडला की तिच्या पलीकडचा वीजदाब जरासा खचतो आणि सूर मऊ होऊन मागून फुलतो. ब्लूजवाले यावर जीव टाकतात. टाइट रिफला हे फुलणं चालत नाही, म्हणून सिलिकॉन डायोडचा शंभर वॅटचा अँप बरा. त्याच्याकडे ताकद शिल्लक असते. एडी व्हॅन हेलनने पहिल्या अल्बमच्या काळात व्हेरिअॅक या दाब कमीजास्त करणाऱ्या उपकरणाने आपल्या मार्शलचा वीजदाब उतरवून उलटी वाट धरली आणि तीही गाजवली, पण ते हात त्याचे होते. प्रेझेन्सचा नॉब पॉवर अँपच्या फीडबॅकमध्ये बसतो आणि वरच्या सुरांची धार वाढवतो. गेन कमी केल्यावर जी चमक हरवल्यासारखी वाटते ती इथून थोडी परत मिळते.

ट्यूब, म्हणजे आपल्याकडचा व्हॉल्व्ह, ही चीज मराठी घरांना परकी नव्हती. व्हॉल्व्हचा रेडिओ तापेपर्यंत बातम्यांची वाट पाहणारी पिढी अजून आहे, आणि त्यातले कितीतरी व्हॉल्व्ह बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये बनलेले असत. पण रेडिओशी घरोबा होता म्हणून अँपच्या पोटात हात घालू नका. बंद केलेल्या अँपच्या कपॅसिटरमध्येही चारशे-पाचशे व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात. ट्यूबांचा बायस जुळवायचा असेल तर जाणत्या कारागिराकडे जा. जुन्या रेडिओंवर हात बसलेला म्हातारा मेकॅनिक मिळाला तर त्याच्या पायाशी बसा. आणि स्पीकर जोडल्याशिवाय ट्यूबचा अँप वाजवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि तो स्वस्तात येत नाही.

राहिला स्पीकरचा कॅबिनेट. मागून बंद असलेला चार स्पीकरचा कॅबिनेट उघड्या पाठीच्या कॅबिनेटपेक्षा ठोका घट्ट देतो. पण तो ठेवायचा कुठे, याकडे कोणी पाहत नाही. जॅमरूमच्या कोपऱ्यात ढकलला की दोन भिंती आणि जमीन मिळून बेस फुगवतात. शिवाय स्पीकरचे वरचे सूर सरळ रेषेत जातात, आणि स्पीकर असतो गुडघ्याच्या उंचीवर. वाजवणारा त्याला चिकटून उभा. तिखट सूर त्याच्या पोटऱ्यांना लागून पुढे जातात, कानापर्यंत पोचतात ते मऊ होऊन. तो म्हणतो, “धार नाही,” आणि ट्रेबल चढवतो. समोर बसलेल्या मित्राचे कान फाटतात. अँपपुढे उकिडवं बसून एकदा आपलाच टोन ऐकणं हा चांगला शिरस्ता आहे. करमणूक म्हणूनही वाईट नाही.

हाताबद्दल बोलायचं झालं तर वेगळा लेख लागेल. उजवा तळवा ब्रिजवर किती पुढे टेकतो, पिक किती जाड आहे, न वाजणाऱ्या तारा डाव्या हाताने दाबलेल्या आहेत की नाहीत, यावर निम्मा टाइटपणा ठरतो. कमी गेनमध्ये हे सगळं उघडं पडतं, आणि पोरं गेनला चिकटून बसतात ती बहुधा या उघडं पडण्याच्या भीतीने.

जेसीएम ८०० च्या जातीचा अँप असेल तर सुरुवात अशी करून बघा: गेन पाचवर, बेस तीनवर, मिड सातवर, ट्रेबल पाच-साडेपाच, प्रेझेन्स चारवर, मास्टर शेजारी सोसतील तेवढा. एकट्याने ऐकलं तर हा आवाज रुक्ष आणि किडकिडीत वाटेल. त्यावर मत बनवू नका. बासिस्टला आणि ड्रमरला वाजवू द्या, ते वाजवत असतानाच नॉबना हात लावा, फोनवर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून रेकॉर्ड करा आणि मगच पेडलच्या दुकानात जा. तत्पूर्वी कॅबिनेट कोपऱ्यातून दोन हात पुढे ओढा. त्याला काही पैसे पडत नाहीत.